अनुरणनाची मात्रा

मीठ हा जिन्नस मोठा चमत्कारिक आहे. पदार्थांत तें नसलें तर घासागणिक कळतें, जास्त झालें तर पहिल्याच घासाला कळतें, आणि बेताचें असलें म्हणजे त्याची कोणास आठवणही होत नाहीं. आवाजाच्या प्रांतांत हीच योग्यता अनुरणनाची आहे. अनुरणन म्हणजे मूळ ध्वनि थांबल्यावरही मागें रेंगाळणारा त्याचा घुमारा. हल्लीं काँप्युटरवर, किंबहुना खिशांतल्या फोनवरही, गाणें, पाठांतर किंवा व्याख्यान मुद्रित करण्याची सोय घरोघर झाली आहे, आणि त्या साधनांत हा घुमारा कमीजास्त करण्याचें एक बटण असतें. मुलें त्यास 'रिव्हर्ब'चा नॉब म्हणतात. मी तंबोऱ्याच्या सवयीनें खुंटी म्हणतों. तिच्याच शेजारीं, बहुधा शेवटच्या टोकास, दुसरी एक खुंटी असते. तिचें नांव 'आउटपुट', म्हणजे बाहेर पडणाऱ्या आवाजाची पातळी. पहिल्या खुंटीकडे सर्वांचे हात धांवतात. दुसरीकडे कोणी ढुंकूनही पाहत नाहीं. माझ्या अल्प मतीस असें वाटतें कीं, या दोहोंचा परस्परसंबंध ज्यास समजला, त्यास आवाजाची निम्मी विद्या समजली.

मी आयुष्यभर शाळेंत संस्कृत शिकविलें. माझें शाळेंतील शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. पुढचें जें कांहीं झालें तें पाठशाळेंत. तेव्हां अशा माणसानें यंत्रांच्या विषयांत तोंड कां घालावें, असें कोणी वाचक विचारील तर त्यास माझें उत्तर असें कीं, एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यास कोणताही विषय फार दिवस परका राहत नाहीं. आमच्या घरांत तीन पिढ्यांची चौदा माणसें आहेत. माझ्या पुतण्याचा मुलगा ध्वनिमुद्रणाचें शिक्षण घेत आहे, व त्याचें यंत्र माडीवरच्या खोलींत, माझ्या पुस्तकांच्या फडताळास लागूनच मांडलेलें आहे. त्यास श्रोता हवा असतो आणि मला उद्योग हवा असतो. त्यानें मला खुंट्या शिकविल्या, मीं त्यास शब्द दिले. असा हा आमचा व्यवहार आहे.

'रिव्हर्ब'ला आपल्या भाषेंत काय म्हणावें, असें त्यानें एकदां विचारलें, तेव्हां मीं 'अनुरणन' हा शब्द सांगितला. हा कांहीं माझ्या पदरचा शब्द नव्हे. तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास शार्ङ्गदेव नांवाचा पंडित होता. राजा सिंघणाच्या पदरीं तो हिशेबाच्या मोठ्या हुद्द्यावर होता, आणि 'संगीतरत्नाकर' हा त्याचा ग्रंथ. त्यांत स्वराचें लक्षण करतांना त्यानें अनुरणनासच मुख्य स्थान दिलें आहे. प्रथम जो नाद कानीं पडतो ती श्रुति. तिच्या पाठोपाठ जो स्निग्ध, रेंगाळणारा व ऐकणाराच्या चित्तास आपोआप रंजविणारा नाद येतो तो स्वर, असा त्याचा आशय आहे. त्याच्याही सुमारें चारशें वर्षें पूर्वीं काश्मिरांत आनंदवर्धनानें 'ध्वन्यालोक' लिहिला. काव्यांत शब्दार्थाच्या मागून जो सूचित अर्थ उमटतो, त्याच्या एका प्रकारास त्यानें अनुस्वानाची, म्हणजे मागून येणाऱ्या नादाची, उपमा दिली. आणि टीकाकारांनीं ती घंटेच्या दृष्टांतानें उलगडून दाखविली. या दोघां पंडितांचे विषय निराळे असले तरी एक गोष्ट समान आहे. अनुरणन हें नेहमीं मागून येतें. आधीं टोल, मग नाद. आधीं शब्द, मग त्याची छाया. छायेनें शब्दावर पडून त्यास झांकूं नये, एवढें सूत्र ध्यानांत ठेवलें म्हणजे यंत्राच्या सर्व खुंट्यांचा अर्थ लागतो.

आतां हा घुमारा मुळांत येतो कोठून? नव्या जागेंत सामान नेण्यापूर्वीं आपण बोललों तर आवाज घुमतो, आणि गाद्या, कपडे, पडदे व माणसें आंत आलीं म्हणजे तीच खोली निमूट होते, हा अनुभव सर्वांस आहे. उघड्या भिंती, फरशी व कांच आवाज परत फेंकतात; कापूस, लोंकर आणि मनुष्याचें वस्त्राच्छादित शरीर तो गिळून टाकतात. भिंत दूर असली, म्हणजे सुमारें १७ मीटर किंवा अधिक, तर परतणारा आवाज मूळ आवाजापासून वेगळा ऐकूं येतो, त्यास प्रतिध्वनि म्हणतात. भिंती जवळ असल्या तर हजारों परतीचे आवाज एकमेकांत मिसळून एक अखंड पट्टा होतो; तें अनुरणन.

या अनुभवास मापांत बसविण्याचें श्रेय अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यापक वॉलेस सॅबाइन यांस आहे. १८९५ सालीं तेथील फॉग संग्रहालयाचें नवें व्याख्यानगृह निरुपयोगी ठरलें. वक्त्यानें उच्चारलेला शब्द तेथें सुमारें साडेपांच सेकंद ऐकूं येत राही. बोलणारा सेकंदास चारच अक्षरें उच्चारीत असला तरी वीसांवर अक्षरें एकाच वेळीं हवेंत तरंगत राहणार. मग विद्यार्थ्यांस काय कळावें! सॅबाइन यांनीं रात्रीच्या शांत वेळीं, ऑर्गनची एक नळी आणि काळ मोजण्याचें साधन घेऊन, शेजारच्या सँडर्स नाट्यगृहांतील बैठकांच्या गाद्या थोड्या थोड्या आणून मांडल्या आणि प्रत्येक वेळीं घुमारा किती घटला तें मोजलें. त्यांतून नियम निघाला तो असा : दालनाचें घनफळ घनमीटरांत घ्यावें, त्यास आंतील शोषक पृष्ठभागाच्या चौरस मीटरांनीं भागावें आणि येणाऱ्या अंकास ०.१६१ नें गुणावें. म्हणजे घुमाऱ्याचा काळ सेकंदांत मिळतो. ध्वनीची तीव्रता दशलक्षांशावर, म्हणजे ६० डेसिबेलांनीं खालीं येण्यास लागणारा वेळ, अशी या काळाची व्याख्या आहे. याच विद्येच्या आधारें बांधलेलें बोस्टन येथील सिंफनी हॉल १९०० सालीं उघडलें, आणि जगांतील उत्तम संगीतगृहांत त्याची आजही गणना होते. शेजारच्या नाट्यगृहाच्या गाद्या रात्रीं नेऊन सकाळीं परत ठेवणाऱ्या या अध्यापकाविषयीं मला, एक शिक्षक या नात्यानें, विशेष आदर वाटतो.

आपल्याकडे या नियमाचीं दोन टोंकें पाहावयाचीं असतील तर एकीकडे विजापूरचा गोलघुमट आणि दुसरीकडे जुन्या वाड्यांतील माजघर घ्यावें. १६५६ सालीं मृत्यु पावलेल्या महंमद आदिलशहाची ही कबर. बाहेरून सुमारें ४४ मीटर व्यासाच्या घुमटाखालीं सज्जांत केलेली कुजबूज समोरच्या बाजूस ऐकूं जाते, आणि एका टाळीचे अनेक पडसाद येतात. शाळेच्या सहलींत मुलें तेथें आरोळ्या मारून थकतात. परंतु तेथें उभें राहून कोणास गणिताचें एक उदाहरण समजावून सांगण्याचा प्रयत्न करावा! उलट माजघरांत मातीच्या भिंती, घोंगड्या, उतरंडी आणि बारा माणसें. तेथें शब्द स्पष्ट कळतो, पण गाणाऱ्याच्या गळ्यास भिंतींकडून साहाय्य मिळत नाहीं. म्हणूनच आपल्या गायकांस तंबोऱ्याची सोबत हवी असते. जवारी लावलेला तंबोरा हा एका अर्थानें गायकानें मांडीवर घेतलेला स्वतःचा घुमटच होय.

यंत्राच्या साह्यानें हा घुमारा हवा तेथें आणण्याची युक्ति त्या मानानें अलीकडची. १९४७ सालीं शिकागो येथें बिल पटनम या ध्वनिमुद्रकानें एका वाद्यवृंदाचें वादन मुद्रित करतांना फरशीबंद प्रसाधनगृहाचा उपयोग घुमाऱ्यासाठीं केला. एका टोंकास ध्वनिक्षेपक, दुसऱ्या टोंकास मायक्रोफोन, आणि मधल्या भिंतींनीं उत्पन्न केलेलें अनुरणन मूळ आवाजांत बेतानें मिसळलें. पुढें १९५७ सालीं जर्मनींत ई.एम.टी. या संस्थेनें पोलादाचा सुमारें दोन मीटर लांब व एक मीटर रुंद पातळ पत्रा चौकटींत टांगून त्यासच थरथरविण्याची योजना काढली. हें साधन वजनानें पाव टनाहून अधिक असे. १९६२ च्या सुमारास मान्फ्रेड श्रोडर यांनीं केवळ गणितानें, काँप्युटरच्या साह्यानें, स्वाभाविक वाटणारें अनुरणन कसें निर्माण करावें तें दाखविलें. आज माझ्या नातवाच्या यंत्रांतील एका खुंटींत प्रसाधनगृह, पत्रा व गोलघुमट हे सर्व सामावले आहेत. सुलभता इतकी झाली, म्हणजे संयमाची गरज वाढते.

हें मीं प्रत्यक्ष पाहिलें तें सांगतों. आमच्या थोरल्या वहिनी त्या वेळीं त्र्याऐशीं वर्षांच्या होत्या. लग्न होऊन या घरांत आल्यापासून पहांटे देवघरांत बसून भूपाळ्या म्हणण्याचा त्यांचा नेम. त्यांची मुलगी अमेरिकेंत असते. तिनें आईचा आवाज मुद्रित करून पाठविण्याविषयीं फार आग्रह केला. नातवानें देवघराच्या दारांत दोन गोधड्या टांगल्या, मायक्रोफोन वहिनींच्या तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवला आणि तीन दिवस पहांटे उठून सर्व भूपाळ्या मुद्रित केल्या. मग त्यानें त्यांवर संस्कार केला. रिव्हर्बची खुंटी अर्ध्याच्या पुढें नेली, घुमाऱ्याचा काळ चार सेकंद ठेवला, आणि रात्रीं जेवणें झाल्यावर सर्वांस ऐकविलें.

सगळे थक्क झाले. थोरला पुतण्या म्हणाला, "काका, काय भारदस्त झालें आहे! एखाद्या मोठ्या देवळांत बसल्यासारखें वाटतें." मुलांनीं माना डोलाविल्या. वहिनी मात्र पदराशीं चाळा करीत बसल्या होत्या. सूनबाई हळूच म्हणाली, "यांत सासूबाईंचा आवाज आहे, पण सासूबाई दिसत नाहींत." तिचें म्हणणें कोणास नीट उमगेना. कोरें मुद्रण लावून पाहिलें तर तें सर्वांस फिकें आणि लहान वाटलें. बहुमत घुमाऱ्याकडे झालें.

तेव्हां मीं नातवास विचारलें, "दोन्ही मुद्रणांचा मोठेपणा सारखा आहे कां रे?" त्यानें यंत्राकडे पाहिलें व तो हंसला. घुमारा मिळविला म्हणजे मूळ आवाजांत आणखी आवाजाची भर पडते, आणि बहुतेक वेळां एकंदर पातळी चढते. येथें ती तीन डेसिबेलांनीं चढली होती. त्यानें आउटपुटची खुंटी तेवढी उतरविली, दोन्ही मुद्रणें मोठेपणानें समान केलीं, आणि सर्वांस डोळे मिटण्यास सांगून कोणतें कोणतें हें न कळवितां आळीपाळीनें ऐकविलें. आतां गोष्ट पालटली. घुमाऱ्याच्या मुद्रणांत शब्दांचीं टोंकें एकमेकांत बुडालेलीं सर्वांस कळूं लागलीं. ओळीच्या शेवटीं वहिनी जो श्वास घेत, आणि एका ठिकाणीं त्यांचा आवाज जो किंचित् कांपे, तें सारें कोऱ्या मुद्रणांतच होतें. थोरल्या पुतण्यानेंही बोट वर केलें तें कोऱ्यासाठींच. वहिनी एवढेंच म्हणाल्या, "अरे, मी देवळांत कुठें म्हणत होतें? मी देवघरांत म्हणत होतें."

शेवटीं नातवानें कोऱ्या मुद्रणावर घुमारा नांवापुरताच ठेवला. काळ एक सेकंदाहून कमी केला. आणि अमेरिकेस तेंच गेलें. कोरें मुद्रण मात्र त्यानें जसेंच्या तसें दोन ठिकाणीं जपून ठेवलें. त्याच वर्षीं मार्गशीर्षांत वहिनींस पक्षाघात झाला. जीव वाचला, वाणी गेली. आज त्या देवघरासमोर खुर्चींत बसतात आणि पहांटे सूनबाई तें मुद्रण हलक्या आवाजांत लावते. त्यांतील श्वास ऐकूं आला कीं त्या मान हलवितात. घुमाऱ्याखालीं तो बुडाला असता व मूळ प्रत पुसली गेली असती, तर कोणत्याही विद्येनें तो आहे तसा परत आणतां आला नसता. कोऱ्यावर घुमारा केव्हांही चढवितां येतो; चढलेला घुमारा पुसण्याचीं साधनें निघालीं आहेत खरीं, पण त्यांनीं मूळ आवाज पुरता निर्मळ हातीं येत नाहीं.

कान असा फसतो कां, याचेंही कारण शास्त्रानें शोधलें आहे. १९३३ सालीं अमेरिकेंतील हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनीं दाखविलें कीं, मनुष्याचा कान हळू आवाजांतील खर्जाकडे, तशाच अति तार स्वरांकडे, त्या मानानें दुर्लक्ष करतो. आवाज चढला म्हणजे ते स्वर त्यास अधिक भरून ऐकूं येतात. त्यामुळें तेंच गाणें किंचित् मोठ्यानें वाजविलें तर 'मोठें' न वाटतां 'भरदार' वाटतें. फरक एकदोन डेसिबेलांचा असला तर आवाज वाढला आहे हें ध्यानांतही येत नाहीं. केवळ 'हें बरें' एवढाच निवाडा मन करतें. म्हणून अनुरणन असो कीं दुसरा कोणताही संस्कार असो, तो चांगला कीं वाईट हें ठरविण्यापूर्वीं पातळी समान करणें अवश्य आहे. तराजूचीं पारडीं आधीं समतोल करावीं आणि मग माल घालावा, हें वाण्याच्या दुकानांत आपण जाणतों. कानाच्या बाबतींत विसरतों.

ज्या घरांत मुलें असा उद्योग करीत असतील त्यांच्यासाठीं नातवाकडून शिकलेले चार नियम येथें देतों. पहिला, मुद्रण करतांनाच पातळी जपावी. अंकांच्या रूपानें सांठविल्या जाणाऱ्या आवाजास एक छत असतें. त्यास शून्य डेसिबेल म्हणतात. त्याच्या वर जाऊं पाहणारी लाट माथ्यावर सपाट कापली जाते आणि आवाज फाटतो. एकदां फाटलेला आवाज पुढें आउटपुटच्या खुंटीनें कमी केला तर हळू होतो, सांधला जात नाहीं. म्हणून सर्वांत मोठा उच्चारही छताच्या सहा ते दहा डेसिबेल खालीं राहील असें पाहावें. दुसरा, रिव्हर्बची खुंटी घुमारा जेमतेम जाणवेपर्यंत वाढवावी, आणि तेथून थोडी मागें आणावी. तो बंद केल्यावर चुकल्यासारखें वाटावें, पण चालू असतां त्याकडे लक्ष जाऊं नये.

तिसरा नियम काळाचा. स्तोत्र, पाठांतर, व्याख्यान यांत शब्द मुख्य. तेथें घुमाऱ्याचा काळ एक सेकंदाच्या आंत ठेवावा. विलंबित आलापास दोन सेकंदही शोभतात. बहुतेक साधनांत 'प्री-डिले' नांवाची आणखी एक खुंटी असते. शब्द आणि त्याचा घुमारा यांच्यामध्यें ती अत्यल्प अवकाश ठेवते. सेकंदाचा पन्नासावा किंवा चाळिसावा भाग एवढा अवकाश दिला तरी शब्दाचा आरंभ स्वच्छ राहतो व मग छाया येते. शार्ङ्गदेवास ही खुंटी पाहून संतोष झाला असता. चौथा आणि मुख्य नियम, आउटपुटची खुंटी सर्वांच्या शेवटीं हातीं घ्यावी; संस्कार केलेला व कोरा आवाज समान पातळीवर आणून, शक्य तर दुसऱ्यास कळ दाबावयास सांगून, डोळे मिटून ऐकावें. हेडफोनमध्यें घुमारा अधिक जाणवतो, फोनच्या इवल्या ध्वनिक्षेपकावर कमी. तेव्हां दोन्हीकडे ऐकल्यावांचून निकाल देऊं नये. शिवाय ऐकणाराच्या खोलीचा स्वतःचा घुमारा असतोच, तो आपल्या घुमाऱ्यावर आणखी चढतो, हेंही विसरूं नये.

हा शेवटचा मुद्दा घराबाहेर तर फारच महत्त्वाचा आहे. एका शाळेच्या स्नेहसंमेलनास मी गेलों होतों. सभागृह मोठें, भिंती उघड्या, छपर पत्र्याचें. म्हणजे घुमारा निसर्गतःच भरपूर. त्यांत मिक्सरवर बसलेल्या गृहस्थानें 'एको'ची खुंटी चढविलेली, आणि शब्द कळेनात म्हणून आवाजाची पातळीही चढविलेली. एक सहा-सात वर्षांची मुलगी सुभाषित म्हणत होती. तिचे ओंठ हालतांना दिसत होते. संधि, विसर्ग, अनुस्वार यांचा मागमूस नव्हता. टाळ्या भरपूर पडल्या. पण जिनें महिनाभर तें पाठ केलें, तिचें एक अक्षरही कोणाच्या कानीं पोहोंचलें नाहीं, याचें मला फार वाईट वाटलें. शब्द कळत नसले तर आवाज वाढविणें हा उपाय नव्हे, कारण आवाजाबरोबर घुमाराही तितकाच वाढतो; घुमारा कमी करणें हाच उपाय. उत्सवांतील ध्वनिक्षेपकांविषयीं तर बोलावयासच नको. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनीं रहिवासी वस्तींत दिवसां ५५ आणि रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत ४५ डेसिबेल अशी मर्यादा घातली आहे. दहा डेसिबेल वाढले म्हणजे कानास आवाज सुमारें दुप्पट वाटतो, हें हिशेबांत घेतलें म्हणजे चौकांतील मांडवापुढें ही मर्यादा कोठल्या कोठें राहते, हें वाचकांस निराळें सांगावयास नको.

खरें सांगावयाचें तर पातळीचा हा नियम केवळ यंत्रापुरता नाहीं. घरांतील वादांत, सभेंत, वर्तमानपत्रांत जो अधिक उंच स्वरानें बोलतो त्याचें म्हणणें अधिक खरें वाटतें, आणि जो जुन्या वैभवाचा व मोठ्या नांवांचा घुमारा आपल्या शब्दांमागें लावतो त्याचें म्हणणें अधिक गंभीर वाटतें. अशा वेळीं दोन्ही पक्ष मनांतल्या मनांत एका पातळीवर आणून ऐकण्याची संवय लागली, तर सूनबाईसारख्या हळू बोलणाऱ्या माणसाचेंही ऐकूं येतें. मुलांच्या हातीं या खुंट्या आल्याच आहेत. पहिली फिरवितां येते म्हणून आनंद मानण्यापूर्वीं दुसरी कशासाठीं आहे हें वडील माणसांनीं त्यांच्याशेजारीं बसून एकदां विचारावें. उत्तर त्यांस ठाऊक असतें. विचारणारा मात्र लागतो. इत्यलम्.